डाव्या फळीचा मोर

बार्शीटाकळीच्या बसस्टँडवर उतरून कोणी 'जहीर सुतार कुठे राहतात' असं विचारलं, तर पानठेलेवाला शेषराव सुताराच्या घराकडे बोट करतो. 'जहीर वाढई' म्हटलं तरी बोट तिकडेच वळतं, कारण वऱ्हाडात सुताराला वाढई म्हणतात आणि त्या बाजूला शेषराव हा एकच वाढई उरला आहे. 'नक्काश' म्हटलं, तर ठेल्यावरची पोरं एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मग मागच्या बाकावरचं एखादं म्हातारं खाकरून सांगतं, "अबे, साचेवाला चाचा पायजे त्याईले. मस्जिदीच्या मांगं."

मशिदीच्या मागे, हिरव्या पत्र्याच्या दाराशी, पोत्यावर मांडी घालून जहीरचाचा बसलेले असतात. वय अडुसष्ट. गळ्यातल्या दोरीला चष्मा. तो डोळ्यावर कमी, छातीवर जास्त. मांडीजवळ कापडाच्या गुंडाळीत एकोणीस पटाश्या. काही सरळ धारेच्या, काही नखासारख्या गोल, सगळ्यांच्या मुठी वडिलांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या. आलेल्या माणसाने 'सुतारचाचा' अशी हाक मारली, की चाचा मान वर न करता सांगतात, "सुतार दरवाजा करते. कातारी खाटेचे पाय कातते. आमी कोरतो. लाकूड एकच, काम अलग."

हे त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, याचा हिशेब नाही. आधी ते रागाने म्हणत. मग समजावून म्हणू लागले. आता कंडक्टर जसे थांबे सांगतो तसं म्हणतात. उतरायचं त्याने उतरावं.

त्यांची मुलगी अनीसा गावातल्या उर्दू प्राथमिक शाळेत शिकवते. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली, त्याला नऊ वर्षं झाली. बाप-लेकीचं बोलणं अर्धं उर्दू, अर्धं वऱ्हाडी, आणि भांडण पूर्ण वऱ्हाडी. बापाचं हे शब्दाचं वेड तिला लहानपणी अभिमानाचं वाटायचं, कॉलेजात असताना लाजेचं, आणि आता नुसतं सवयीचं झालं होतं.

'नक्काश' हा शब्द घरात कसा आला, याची एक गोष्ट होती. चाचांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेली, त्यांनी अनीसाला सांगितलेली. त्यांचे खापरपणजोबा अचलपूरकडून आले. तिथे एका रईसाच्या चौकटीवर त्यांनी वेल कोरली. चौकट उभी राहिली तशी एक चिमणी आली आणि कोरलेल्या फांदीवर बसायला गेली. पाय घसरला, पुन्हा आली, पुन्हा घसरला. रईस म्हणाला, हा सुतार नाही, नक्काश आहे. तेव्हापासून.

"चिमणी पडली तं नक्काश झाले," अनीसा म्हणायची. "चिमणीले काय समजते, अब्बा."

"तुह्यापेक्षा जास्त समजते."

पण मास्तरीण झाल्यावर तिने एकदा खरंच शोध घेतला. शाळेतल्या जाड लुगतमध्ये, म्हणजे उर्दू शब्दकोशात, पाहिलं, मराठी शाळेतल्या साधना मॅडमना विचारलं, आणि एका पाठकोऱ्या कागदावर सगळं लिहून बापापुढे वाचून दाखवलं. सुतार म्हणजे सूत्र धरणारा. लाकडावर रेघ मारायला जो दोरा ताणतात, तो ज्याच्या हातात असतो तो. नाटकात पडद्यापुढे येऊन खेळ सुरू करून देणारा सूत्रधार याच घरातला. वाढई ऐकायला वाढवणाऱ्यासारखा वाटतो, पण जुन्या संस्कृतातला तो 'वर्धकी', आणि त्याच्या मुळाशी कापणं आहे. आणि नक्काश आला अरबीतून. नक्श म्हणजे उमटलेली खूण. दाबून, कोरून, खोदून जी मागे राहते ती. त्याच 'नक्श'पासून मराठीने नक्षी घेतली, नकाशाही तिथलाच.

चाचांनी कोरता कोरता ऐकून घेतलं. चिमणीचा कुठे उल्लेख नाही म्हणून थोडे नाराज झाले. मग म्हणाले, "मांगं राह्यते थे. बरोबर लिवलं हाय त्यानं."

बरोबर वाटायला कारण होतं. या घराने दारं-चौकटी कोरणं दोन पिढ्यांपूर्वीच सोडलं होतं. चाचांच्या वडिलांपासून काम उरलं ते साच्यांचं. होळीला वऱ्हाडात लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्यांची माळ घालतात. पांढऱ्या, गुलाबी, दोऱ्यात ओवल्यासारख्या, मधोमध मोठं पदक. त्या गाठ्या लाकडाच्या साच्यात पाक ओतून पाडतात. साचा सागवानाचा, भिजवून घेतलेला, म्हणजे पाक चिकटत नाही. ज्या घरात साचा असतो तिथे तो वर्षातले अकरा महिने पोत्यात अंधारात पडून राहतो. लोक पाहतात ती साखर. कोरलेलं लाकूड कोणी पाहत नाही, आणि कोरणाऱ्याला तर नाहीच.

साच्यात सगळं उलटं असतं. फुगवटा हवा तिथे खड्डा, डावं हवं तिथे उजवं. चाचांच्या हाताला हे इतकं बसलं होतं, की लेकीच्या वेण्यासुद्धा ते उलट्या बाजूने घालायचे, असं अनीसा सांगते.

एके काळी अकोल्यात गाठ्या करणाऱ्या अकरा घरांत त्यांचे साचे होते. मग अल्युमिनियमचे आले. हलके, न फुगणारे, न चिरणारे. एकेक घर गेलं. उरलं ते एक, माणिकबाईंचं.

माणिकबाई पंच्याहत्तरच्या. अकोल्याच्या जुन्या शहरात राहतात. सासूच्या काळापासून त्यांच्याकडच्या माळेत मोराचं पदक असतं, दोन्ही बाजूंनी मोर. माळ गळ्यात कशीही फिरली तरी मोर दिसतोच. तो दोन फळ्यांचा साचा चाचांच्या वडिलांनी कोरला होता. यंदा संक्रांतीनंतर पोत्यातून काढला तेव्हा एक फळी उभी चिरलेली निघाली. माणिकबाईंचा मुलगा देवीदास म्हणाला, बरं झालं, आता धातूचा आणू. माणिकबाईंनी त्याच्या फोनवरून बार्शीटाकळीला फोन लावला.

"नक्काशभाऊ, मोर गेला," त्या म्हणाल्या. "दुसरा करून देता का?"

चाचा हो म्हणाले.

ते हो म्हणाले तेव्हा त्यांचा उजवा डोळा जवळपास गेलेला होता. दिवाळीनंतर अकोल्याच्या एका डोळ्यांच्या शिबिरात मोतीबिंदू सांगितला होता, तारीखही दिली होती. ती त्यांनी चुकवली. डाव्या डोळ्याने दिसतं असं ते अनीसाला सांगत. दिसायचं, पण कसं, तर दूध सांडलेल्या काचेतून. हे तिला माहीत नव्हतं. देवीदासने निक्षून सांगितलं होतं, की होळीच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत साचा हातात पाहिजे, नाहीतर तो अल्युमिनियमचा उचलेल, आणि मग लाकडाचं नाव काढायचं नाही. एवढं शेवटचं घर होतं. ते सुटलं की जहीर नक्काशाला नक्काश म्हणणारं माणूस जगात उरत नव्हतं. लुगतमधला अर्थ लुगतमध्येच राहिला असता.

यंदा होळी रमजानात आली. साठी उलटलेल्या, गोळ्या घेणाऱ्या माणसाला रोजाची सूट असते, पण चाचांनी ती घेतली नाही. पहाटे सहरीचं खाऊन ते पडून राहत, नऊला दारात पोतं टाकत. नऊ ते बारा ऊन गल्लीत थेट येई, तेवढ्यातच काम. बारानंतर डोळ्यापुढचं दूध घट्ट व्हायचं, आणि पोटात काही नसल्याने हातही हलका पडायचा.

लाकूड होतं ते एकच. खाटेखाली वीस वर्षं वाळत ठेवलेली जुन्या चौकटीची उभी पट्टी. तिच्या दोन फळ्या निघाल्या, तिसरी निघण्यासारखी नव्हती.

डावी फळी आठ दिवसांत झाली. मोराची मान, तुरा, उलगडलेला पिसारा, प्रत्येक पिसात एक डोळा. चाचा पाहून कमी आणि चाचपून जास्त कोरत होते. गोल पटाशी फिरवायची, अंगठा आत घालायचा, खोली मोजायची, पुन्हा पटाशी. अनीसा शाळेतून येऊन बघायची आणि आत जायची. तिला ते काम सुंदर वाटत होतं, आणि बाप बसल्या जागी झिजताना दिसत होता.

उजवी फळी म्हणजे डावीचं आरशातलं रूप. त्यासाठी घराची एक रीत होती. तेल लावलेला पातळ कागद डाव्या फळीवर पसरायचा, वरून दिव्याची काजळी बोटाने चोळायची. खालची नक्षी कागदावर उमटते. मग तो कागद उलटा करून, काजळीची बाजू लाकडाला लावून, नव्या फळीवर चिकटवायचा. कागद तेलकट, त्यामुळे रेघा दोन्हीकडून सारख्याच दिसतात. म्हणून चिकटवण्याआधी अंगठा घासून पाहायचा. जिकडे अंगठा काळा होतो, ती बाजू खाली.

त्या सकाळी चाचांनी कागद उचलला, तर गल्लीतून वाऱ्याची झुळूक आली आणि तो हातातल्या हातात दोनदा वळला. त्यांनी अंगठा घासला. अंगठा डोळ्यांजवळ नेला. काळा दिसला का? काजळी चोळून दहाही बोटं तशीच होती, आणि डोळ्यापुढे दूध होतं. अंगठा धुतला, पुन्हा घासला, पुन्हा पाहिला.

शाळेला सुट्टी होती, अनीसा पाच हातांवर नळाशी कपडे धूत होती. 'पाह्य वं, काळा हाय का' एवढं विचारायचं होतं. त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर अंगठा दिसत नाही हे कळलं असतं, मग शिबिर, मग फोन, मग देवीदास. त्यांनी अंदाजाने कागद ठेवला, खळ लावली, आणि पटाशी उचलली.

पुढचे सहा दिवस ते कोरत राहिले.

गुरुवारी दुपारी फळी पुरी झाली. साचा तपासायचा तो कणकेने. दोन्ही फळ्यांत मऊ कणीक दाबायची, फळ्या मिटायच्या, उघडायच्या. आत अख्खा मोर निघाला तर साचा जुळला. अनीसाने इफ्तारीच्या पोळ्यांच्या कणकेतून दोन गोळे तोडून आणले. चाचांनी कणीक दाबली, एकावर एक फळी ठेवली, वर हाताचं वजन टाकलं. मग फळ्या अलग केल्या.

अनीसाला आधी हसू आलं. कणकेला दोन माना होत्या. एका मोराची चोच दुसऱ्याच्या पिसाऱ्यात घुसलेली.

"अब्बा, हे तं दोन मोर भांडून राह्यले."

चाचा हसले नाहीत. त्यांनी एक फळी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. चोच डावीकडे. दुसरी घेतली. चोच डावीकडे. पहिली पुन्हा घेतली.

"दोन्ही डाव्या," ते म्हणाले.

"असं कसं झालं?"

"कागद उलटा नाई झाला."

"तुमी अंगठा नाई पायला?"

"पायला."

"मंग?"

चाचा कणीक बोटांनी खरवडून काढू लागले, एकेका पिसातून, हळूहळू, जसं काही आता तेच काम उरलं होतं. अनीसाने त्यांच्यासमोर हात धरला आणि दोन बोटं उभी केली. किती आहेत, विचारलं. चाचा म्हणाले, तमाशा नोको करू. तिने तीन केली. तिने अख्खा पंजा धरला.

"हात हाय एवढं दिसते," ते म्हणाले. "बोटं नोको विचारू."

तेव्हा ती खाली बसली. रडली नाही, ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, की मी नळाशी होते, पाच हातांवर होते. हे तिने दोनदा म्हटलं. चाचांनी कणकेची शेवटची चिमूट काढली आणि पोत्यावर पाठ टेकली. आपण खूप थकलो आहोत, असं ते म्हणाले. आजवर हे वाक्य त्यांच्या तोंडून अनीसाने ऐकलं नव्हतं. रोजाने असेल, ती म्हणाली. ते म्हणाले, रोजाने नाही.

तिसरी फळी नव्हती. असती तरी एका संध्याकाळी मोर होत नाही. अनीसाने सुचवलं, की देवीदासला फोनवर सांगून टाकू. जायची काय गरज, उन्हात, उपाशी. चाचांनी मान हलवली. बिघडलेलं काम फोनवर सांगत नाहीत. हातात नेऊन दाखवतात. त्यांच्या वडिलांनी एकदा तडा गेलेला साचा अकोल्यापर्यंत सायकलवर नेऊन दाखवला होता.

शुक्रवारी नमाज झाल्यावर दोघं बसने निघाले. अनीसाने अर्धी रजा टाकली होती. फळ्या तिच्या जुन्या ओढणीत बांधलेल्या, चाचांच्या मांडीवर. बस हलली की ते गाठोड्यावर हात ठेवत, लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

माणिकबाईंच्या अंगणात चुलाण पेटलेलं होतं. कढईत पाक, बाजूला ओल्या साच्यांची रांग, दोऱ्याच्या लडी. हवा इतकी गोड की घसा बसावा. देवीदासने चाचांना पाहून खुर्ची पुढे केली, बायकोला चहा टाकायला सांगितलं, मग रमजान आठवून जीभ चावली. चाचांनी बसायच्या आधीच गाठोडं सोडलं, दोन्ही फळ्या ओट्यावर शेजारी शेजारी मांडल्या आणि सांगून टाकलं, की साचा मिटत नाही, दोन्ही डाव्या कोरल्या गेल्या, चूक माझी.

देवीदासने फळ्या मिटून पाहिल्या. उघडून पाहिल्या. त्याला राग आला नव्हता. उलट सुटल्यासारखं झालं होतं, आणि ते त्याला लपवता येत नव्हतं. त्याने खिशातून फोन काढला. अल्युमिनियमवाल्याकडे मोर तयार आहे, संध्याकाळी आणून देईल, चाचांनी वाईट वाटून घेऊ नये, असं तो म्हणू लागला.

"ठेव तो फोन," माणिकबाई आतून म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकत त्या बाहेर आल्या, ओट्यावर बसल्या आणि फळी मांडीवर घेतली. त्यांनीही पाहिलं नाही, बोट फिरवलं. चुलाणापुढे बसून त्यांचेही डोळे कधीचे गेले होते. "पीस तं बापापेक्षा चांगलं कोरलं," त्या म्हणाल्या. "डोया कधी गेला तुमचा?"

चाचा म्हणाले, "उजवा दिवाळीले. डावा जाऊन राह्यला."

"मले माहीत व्हतं."

"कोनं सांगतलं?"

"दिवाळीले आले तवा तुमी माह्या सुनेले 'कशा हाय माणिकबाई' म्हनून इचारलं. थे हाय तीस वर्साची. दोन दिवस बोलली नाई मायासंग."

देवीदासच्या बायकोने कढईकडे तोंड फिरवलं. अनीसालाही हसू आवरलं नाही, आणि मग तिला आठवलं की हसण्यासारखं काही झालेलं नाही.

"माहीत व्हतं तं साचा मले कायले सांगतला?" चाचांनी विचारलं.

"मंग कोनाले सांगू?" माणिकबाई म्हणाल्या. "नक्काश दुसरा कोन हाय?"

कढईत पाकाचा बुडबुडा फुटल्याचा आवाज येत राहिला.

मग माणिकबाईंनी सुनेला बादली आणायला लावली. दोन्ही फळ्या पाण्यात बुडवल्या, बराच वेळ बुडू दिल्या. देवीदास पुटपुटला, की मिटत नसलेल्या साच्यात काय ओतणार. त्यांनी त्याला दोरा आणायला पिटाळलं. फळ्या उताण्या ठेवल्या, मोराच्या मानेवरून दोरा आडवा टाकला, आणि उघड्या साच्यात, ताटात ओतावा तसा, पाक ओतला. पळी गच्च भरलेली, हात न हलता. पाक पिसापिसात उतरला, वरून सपाट झाला, हळूहळू दुधाळ, मग पांढरा.

वाट पाहायची होती. चाचांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. त्यांना झोप लागली की ते नुसते थकले होते, हे अनीसाला कळेना. दुपार ओट्यावरून खाली सरकत होती.

माणिकबाईंनी फळी उलटी करून दोनदा थोपटली. मोर बाहेर पडला. त्यांनी तो सुकायला ठेवला नाही, सरळ चाचांच्या तळहातावर ठेवला. अजून कोमट होता. पुढून मोर, तुऱ्यापासून शेवटच्या पिसापर्यंत अख्खा. मागून पाटीसारखा सपाट.

चाचांचा अंगठा पुढून फिरला, मागे गेला, आणि तिथेच थांबला.

"पाठ कोरी हाय," ते म्हणाले.

"पाठ कोन पायते? पाठ तं लेकराच्या छातीले लागून राह्यते."

"माळ फिरली म्हंजे?"

"फिरली तं माय सरळ करून देते. कामं काय हाय दुसरे तिले होयीच्या दिवशी?"

"मले माहीत हाय ना, माणिकबाई."

"तुमाले माहीत असू द्या," त्या म्हणाल्या. "लेकराले कायले सांगता?"

देवीदासने दुसरी फळी उलटी केली. दुसरा मोर निघाला, पहिल्यासारखाच, उजवीकडे पाहणारा. त्याच्या लक्षात आलं, की मिटता साचा असता तर एका वेळी एक निघाला असता, आता दोन निघतात, पाकही निम्माच लागतो. हे त्याने मोठ्याने म्हटलं आणि फोन खिशात टाकला. मग तो चाचांजवळ येऊन उकिडवा बसला. हलक्या आवाजात त्याने सांगितलं, की यंदाचं निभलं. पण पुढच्या वर्षी तो धातूचा आणणारच, आईला आता ही ओली लाकडं उचलवत नाहीत. राग मानू नका.

"आन," चाचा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुःखही फारसं ऐकू आलं नाही. लांबचं ओझं कोणीतरी चौकात उतरवून घेतलं, की माणूस जसा नुसता उभा राहतो, तसे ते बसले होते. निघताना त्यांनी वडिलांची चिरलेली फळी मागितली. माणिकबाईंनी ती पोत्यातून काढून दिली, वर तो पहिला मोर कागदात बांधला.

अकोल्याच्या बसस्टँडवर बार्शीटाकळीची गाडी लागलेली नव्हती. ऊन उतरलं होतं. बाकावर बसून अनीसाने पिशवीतून खजूर आणि पाण्याची बाटली काढली. अजानचा आवाज गाड्यांच्या हॉर्नमधून शोधावा लागला. चाचांनी आधी खजूर खाल्ला, मग कागद सोडला, मोराचं शेपूट मोडून तोंडात टाकलं आणि उरलेला मोर अनीसाकडे सरकवला. बाजूच्या बाकावरचं एक पोर टक लावून पाहत होतं. तिने मान मोडून त्याला दिली.

"लाव फोन," चाचा म्हणाले.

"कोनाले?"

"त्या शिबिरवालीले. ईदीच्या नंतरची तारीख माग."

अनीसाने लावला. पलीकडच्या बाईने नाव विचारलं, वय विचारलं, साखर आहे का विचारलं. मग धंदा विचारला. अनीसा म्हणाली, नक्काश. पलीकडून काहीतरी प्रश्न आला. अनीसाने फोन जरा दूर धरला.

"विचारते, म्हंजे सुतार का?"

चाचांच्या तोंडात साखर होती. त्यांनी हात उचलला आणि हवेत नुसता हलवला. जाऊ दे.

अनीसाने फोन पुन्हा कानाला लावला. "नाही," ती म्हणाली. "सुतार दरवाजा करतो. कातारी खाटेचे पाय काततो. हे कोरतात." पलीकडचं ऐकून घेतलं. "नाही मॅडम, फर्निचर नाही. नक्श म्हणजे... " ती थांबली. सकाळी शाळा, दुपारी बस, दिवसभराचा उपास. तिच्याही आवाजात कंडक्टर आला होता. "कोरून जी खूण उमटते ना, ती करणारे."

पलीकडची बाई भली होती. तिने सांगितलं, की यादीत तो शब्द नाही. शेतकरी आहे, मजूर आहे, नोकरी, व्यापार, आणि शेवटी 'इतर' आहे. तेच टाकते.

"टाका," अनीसा म्हणाली आणि फोन ठेवला.

गाडी लागली. लोक दाराकडे धावले. चाचा वडिलांची फळी काखेत धरून हळूहळू उठले, अनीसाच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी पहिल्यांदाच ठेवला होता.

"काय लिवलं तिनं?" त्यांनी विचारलं.

"नक्काश," अनीसा म्हणाली.

रोजात खोटं बोलत नाहीत. रोजा सुटून दहा मिनिटं झाली होती.